फॅटी लिव्हर : घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका



आपल्या वार्तापत्राच्या आरोग्य सदरात आजवर मधुमेह, रक्तदाब, डोळ्यांची निगा असे नेहमीचे विषय येत राहिले. या वेळी आम्ही फॅटी लिव्हर हा विषय घेतला आहे. कुणाला पोटदुखीसाठी, कुणाला पित्ताशयातील खड्यांसाठी, तर कुणाला विम्याच्या तपासणीसाठी सोनोग्राफी करावी लागते आणि अहवालाच्या शेवटी एक ओळ आढळते : ‘ग्रेड वन फॅटी लिव्हर’. ती वाचल्यावर काही घरांत धास्ती पसरते, लिव्हरची टॉनिके आणि काढे सुरू होतात. काही घरांत मात्र ‘थोडं फॅटी आहे म्हणे, आजकाल सगळ्यांनाच असतं’ असे म्हणून कागद कपाटात जातो.

आमच्या मते या दोन्ही गोष्टी बरोबर नाहीत. यकृत हा सुधारणारा अवयव आहे. सुरुवातीच्या टप्प्यावर साठलेली चरबी पूर्णपणे निघून जाऊ शकते, आणि तीही मुख्यतः स्वयंपाकघरातल्या व पायी चालण्याच्या उपायांनी. पण ही संधी कायमची नसते. शिवाय ज्या घरात आई-बाबांना फॅटी लिव्हर आहे, त्या घरातली मुलेही तेच खात-पीत असतात. म्हणून शाळेच्या वार्तापत्रात हा विषय घेणे आम्हांला आवश्यक वाटले.

यकृतात चरबी कशी साठते?

यकृत पोटाच्या उजव्या बाजूला, बरगड्यांच्या आड असते. मोठ्या माणसात त्याचे वजन सुमारे सव्वा ते दीड किलो भरते. अन्नातून आलेली साखर साठवणे व लागेल तशी सोडणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यासाठी लागणारी प्रथिने बनवणे, औषधे व विषारी द्रव्ये निकामी करणे अशी शेकडो कामे ते करते. निरोगी यकृतात चरबी अगदी थोडी असते. तिचे प्रमाण ५ टक्क्यांच्या वर गेले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात.

‘आम्ही तर तूप खातच नाही, मग चरबी आली कुठून?’ हा प्रश्न अनेकजण विचारतात. याचे उत्तर समजून घेण्यासारखे आहे. यकृतातली चरबी थेट तुपा-तेलातून येते ती त्या मानाने थोडी. सर्वांत मोठा वाटा आपल्या शरीरात, विशेषतः पोटावर, साठलेल्या चरबीचा असतो. ही चरबी विरघळून रक्तावाटे यकृतात पोहोचते. दुसरा मोठा वाटा साखर आणि मैद्यासारख्या पिठूळ पदार्थांचा. गरजेपेक्षा जास्त साखर आली की यकृत स्वतःच तिची चरबी बनवते. या दोन्ही गोष्टींच्या मुळाशी बहुधा इन्सुलिनचा प्रभाव कमी पडणे हे कारण असते. म्हणूनच मधुमेह, वाढलेले ट्रायग्लिसराइड, उच्च रक्तदाब, पोटाचा घेर आणि फॅटी लिव्हर ही मंडळी सहसा एकत्रच नांदतात.

दारूमुळेही यकृतात चरबी साठते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण दारूला स्पर्शही न करणाऱ्यांना हाच आजार होतो, हे वैद्यकशास्त्राने त्या मानाने उशिरा ओळखले. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील डॉ. ज्युर्गेन लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली अशा रुग्णांचे वर्णन केले आणि त्यास ‘नॅश’ हे नाव दिले. पुढे या आजाराचे व्यापक नाव ‘एनएएफएलडी’ झाले. २०२३ साली जगभरातील तज्ज्ञांनी ते बदलून ‘एमएएसएलडी’ असे केले. जुन्या नावात फक्त ‘दारूमुळे नव्हे’ एवढेच कळत होते. नव्या नावात चयापचयातील बिघाड हे खरे कारण सांगितले आहे. अहवालात यांपैकी कोणतेही नाव दिसले तरी गोंधळून जाऊ नये.

आपल्याकडे प्रमाण किती?

भारतात झालेल्या अनेक पाहण्या एकत्र करून दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०२२ साली एक आढावा प्रसिद्ध केला. त्यात प्रौढांमध्ये फॅटी लिव्हरचे प्रमाण सुमारे ३८ टक्के आढळले. मुलांवरच्या पाहण्या संख्येने कमी होत्या, पण त्यांतही प्रमाण सुमारे ३५ टक्के निघाले. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये या आजाराचा समावेश मधुमेह, हृदयविकार, कर्करोग यांच्यासाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला. यावरून विषयाचे गांभीर्य लक्षात यावे.

आणखी एक गोष्ट. हा केवळ लठ्ठ माणसांचा आजार नाही. भारतीयांमध्ये हातपाय बारीक पण पोट सुटलेले अशी ठेवण बरीच आढळते, आणि वजनकाट्यावर ‘नॉर्मल’ दिसणाऱ्या व्यक्तीच्या यकृतातही चरबी सापडते. म्हणून आपल्यासाठी मोजमापेही थोडी कडक आहेत. बीएमआय २३ च्या वर गेला की वजन जास्त समजावे. पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. घेर बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजावा. पँटचा नंबर म्हणजे कमरेचा घेर नव्हे!

लक्षणे कोणती?

खरे सांगायचे तर सुरुवातीला कोणतीच नाहीत. काहींना थकवा जाणवतो, काहींना उजव्या बरगडीखाली जडपणा वाटतो. बहुतेकांना काहीच होत नाही. यकृत तक्रार न करता काम करत राहते, आणि तोच खरा धोका आहे.

आजाराच्या पायऱ्या साधारण अशा आहेत. पहिल्या पायरीवर नुसती चरबी असते. बहुतेक लोक इथेच राहतात. काहींच्या यकृताला पुढे सूज येते. ही सूज वर्षानुवर्षे राहिली तर यकृतात वण पडू लागतात, त्याला फायब्रोसिस म्हणतात. वण वाढत गेले की यकृत कडक व गाठाळ होते, हा सिरोसिस. त्यातून पुढे यकृताचा कर्करोगही होऊ शकतो. चरबी जाते, सूज ओसरते, सुरुवातीचे वणही कमी होऊ शकतात. सिरोसिसपर्यंत पोहोचल्यावर मात्र मागे फिरणे फार कठीण असते.

डोळे पिवळे होणे, पोटात पाणी होणे, पायांवर सूज, रक्ताची उलटी, काळी शौचास होणे, बोलण्यात गोंधळ ही पुढच्या टप्प्याची लक्षणे आहेत. यांपैकी काहीही दिसल्यास वेळ न दवडता रुग्णालय गाठावे.

आणि एक महत्त्वाचे : फॅटी लिव्हर असलेल्या व्यक्तींचे मृत्यू यकृतापेक्षा हृदयविकाराने अधिक होतात. त्यामुळे यकृताची काळजी घेणे म्हणजे हृदयाचीही काळजी घेणे होय.

‘ग्रेड’पेक्षा महत्त्वाचा आकडा

सोनोग्राफीतला ग्रेड १, २, ३ हा चरबी किती दिसते याचा अंदाज असतो. यकृतात वण किती आहेत, हे त्यावरून कळत नाही. ग्रेड १ असलेल्या एखाद्याच्या यकृतात वण असू शकतात आणि ग्रेड ३ असलेल्याच्या नसूही शकतात. तसेच थोडी चरबी सोनोग्राफीत दिसतही नाही. रक्तातील एसजीपीटी नॉर्मल आले म्हणजे यकृत ठीकच आहे, असेही नाही.

यासाठी डॉक्टर ‘फिब-४’ नावाचा एक साधा हिशेब करतात. त्याला वेगळी तपासणी लागत नाही. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट्स एवढे चार आकडे पुरतात. वयाला एसजीओटीने गुणावे. प्लेटलेट्सना (हजारात) एसजीपीटीच्या वर्गमुळाने गुणावे. पहिल्या गुणाकाराला दुसऱ्याने भागावे. आपली नववी-दहावीची मुले हे गणित सहज करून देतील.

उदाहरण घेऊ. वय ४८, एसजीओटी ५२, एसजीपीटी ६४, प्लेटलेट्स १ लाख ८० हजार. ४८ गुणिले ५२ म्हणजे २४९६. ६४ चे वर्गमूळ ८. १८० गुणिले ८ म्हणजे १४४०. २४९६ भागिले १४४० म्हणजे सुमारे १.७३.

उत्तर १.३ पेक्षा कमी असेल तर मोठे वण असण्याची शक्यता फार कमी. २.६७ च्या वर असेल तर यकृततज्ज्ञांना दाखवणे आवश्यक. मधले उत्तर आले, जसे वरच्या उदाहरणात, तर डॉक्टर बहुधा फायब्रोस्कॅन सुचवतात. त्यात सुई वा शस्त्रक्रिया नसते. यकृत किती कडक झाले आहे ते बरगडीवर यंत्र टेकवून मोजतात. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. ३५ वर्षांखालील व्यक्तींमध्ये हा हिशेब भरवशाचा नाही आणि मुलांना तो लावू नये. मधुमेह असलेल्या प्रत्येक प्रौढाने मात्र आपल्या डॉक्टरांना याबद्दल जरूर विचारावे.

याबरोबरच साखर, कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड, थायरॉइड आणि हेपॅटायटिस बी व सी यांच्या तपासण्याही डॉक्टरांच्या सल्ल्याने करून घ्याव्यात.

उपाय : किती वजन, किती दिवसांत?

वजन जास्त असेल तर ते कमी करणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे. वजन ५ टक्क्यांनी घटले की यकृतातली चरबी कमी होऊ लागते. ७ ते १० टक्के घटले की सूज उतरते. १० टक्के किंवा अधिक घटले तर वणही सुधारण्याची शक्यता वाढते. म्हणजे ८० किलोच्या माणसाने पहिले लक्ष्य ४ किलोंचे ठेवावे, मग साडेपाच, मग ८. कॉलेजच्या दिवसांतले वजन गाठायची गरज नाही! बारीक अंगाच्या व्यक्तींना ३ ते ५ टक्के घटही पुरते.

आठवड्याला अर्धा ते एक किलो यापेक्षा घाई करू नये. उपासमारीने झपाट्याने वजन उतरवले तर यकृताची सूज उलट वाढू शकते, पित्ताचे खडेही होऊ शकतात.

व्यायाम आठवड्यात किमान १५० मिनिटे असावा. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस, बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. सोबत दोन दिवस उठाबशा, सूर्यनमस्कार किंवा वजन उचलण्याचा व्यायाम करावा. वजन फारसे घटले नाही तरी नियमित व्यायामाने यकृतातली चरबी कमी होते, हे लक्षात ठेवावे. मेघदूत बागेत जाऊन बाकावर गप्पा मारणे मात्र यात धरलेले नाही.

इंदूरच्या ताटात काय बदलावे?

आपण पिढ्यान्‌पिढ्या इंदूरकर. सकाळी पोहे-जिलबी, दुपारी कचोरी, रात्री सराफा, थंडीत गराडू, आणि या सगळ्यावर मूठभर शेव. त्यात घरचे श्रीखंड, पुरणपोळी आणि उपासाची साबुदाणा खिचडी. हे सगळे सोडा, असे आम्ही म्हणणार नाही. म्हटले तरी कुणी ऐकणार नाही. पण रोजचे काय आणि सणावारचे काय, हा फरक पुन्हा घरात आणता येईल.

साखर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमपर्यंत ठेवण्यास सांगितले. दोन चमचे साखरेचे चार कप चहा घेतले की ३५ ग्रॅमच्या आसपास साखर होते. थंड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३० ग्रॅम असते. म्हणून आधी प्यायची साखर कमी करावी : थंड पेये, डब्यातले ज्यूस, उसाचा रस, गोड लस्सी, शिकंजी. ‘गूळ चालतो, मध चालतो’ हा समज सोडावा. यकृताला दोन्ही साखरेसारखेच. फळ अख्खे खावे, रस काढून नव्हे.

पोहे. पोहे वाईट नाहीत. बशी लहान घ्यावी, त्यात मटार, कांदा, मोड आलेली मटकी भरपूर घालावी, शेव चिमूटभर ठेवावी. जिलबी रविवारी.

पोळी-भात. ताटाचा अर्धा भाग भाजी व कोशिंबिरीने भरावा, पाव भाग वरण, उसळ, दही, अंडे वा मासे यांनी, आणि उरलेला पाव पोळी, भात किंवा भाकरीने. माळव्यात ज्वारी व मका मुबलक. भाकरी आठवड्यातून तीन-चार दिवस सहज होऊ शकते. मैद्याची बिस्किटे, खारी, टोस्ट यांना चहाबरोबरची कायमची जागा देऊ नये.

तेल. महिन्याला माणशी अर्धा लिटर हा अंदाज ठेवावा. महिन्याचे तेल एकदाच वेगळे काढून ठेवले की हिशेब आपोआप राहतो. तळणीचे तेल पुन्हा पुन्हा वापरू नये.

उपास. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. संकष्टी, एकादशी, सोमवार असे उपास धरणाऱ्यांच्या पोटात महिन्यातून कितीतरी वेळा खिचडी, बटाटा आणि दाणे जातात. ताक, दही-काकडी, फळ, राजगिरा यांवर उपास केला तर तो देवालाही पोहोचेल आणि यकृतालाही. मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच उपास करावा.

कॉफी. बिनसाखरेची दोन-तीन कप कॉफी घेणाऱ्यांमध्ये यकृतातील वण कमी आढळतात. आवडत असेल तर जरूर घ्यावी. मुलांना मात्र नको.

दारू. फॅटी लिव्हर असेल तर ‘थोडी चालते’ असे प्रमाण नाही. पूर्ण बंद करणेच योग्य.

औषधांविषयी

फॅटी लिव्हरवर जादूची गोळी नाही. अमेरिकेत सूज व वण असलेल्या रुग्णांसाठी मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सेमाग्लुटाइड या औषधांना मान्यता मिळाली. पण ती ठरावीक रुग्णांसाठी, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आणि आहार-व्यायामाच्या जोडीनेच द्यायची आहेत. व्हिटॅमिन ई देखील सर्वांसाठी नाही. स्वतःहून घेऊ नये. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन औषधे मात्र फॅटी लिव्हरच्या भीतीने परस्पर बंद करू नयेत. अशा रुग्णांत ती सुरक्षित समजली जातात.

‘हर्बल म्हणजे निर्धोक’ हेही खरे नाही. करोनाच्या काळात गुळवेलीचे सेवन केलेल्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याच्या नोंदी भारतीय डॉक्टरांनी २०२१ व २०२२ मध्ये प्रसिद्ध केल्या आहेत. कोणताही काढा, चूर्ण किंवा वजन कमी करण्याची पावडर घेत असाल तर ती पुडी डॉक्टरांना दाखवावी.

मुलांकडे लक्ष द्या

वर्गात आम्हांला कधी कधी मानेवर, काखेत काळपट, मखमलीसारखी जाड त्वचा असलेली मुले दिसतात. ‘नीट आंघोळ करत नाही’ म्हणून घरी त्यांची मान खसाखसा घासली जाते. पालकहो, तो मळ बहुधा नसतोच. इन्सुलिनचा प्रभाव कमी पडत असल्याची ती खूण असू शकते. वजन जास्त आणि मान काळवंडलेली असे मूल असेल तर घासणी बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

घरी करता येण्याजोगी एक साधी चाचणी : मुलाच्या कमरेचा घेर त्याच्या उंचीच्या निम्म्यापेक्षा कमी असावा. वजन बरेच जास्त असलेल्या मुलांची नऊ ते अकरा या वयात एसजीपीटी तपासणी करावी, असे बालरोगतज्ज्ञ सुचवतात. प्रयोगशाळेच्या कागदावरची ४०-५० ची मर्यादा मोठ्यांची असते. मुलग्यांत सुमारे २६ आणि मुलींत सुमारे २२ च्या वरचा आकडा डॉक्टरांना दाखवण्याजोगा समजावा. मूल सडपातळ असूनही फॅटी लिव्हर निघाले तर विल्सनचा आजार यांसारखी अन्य कारणे शोधावी लागतात. तिथे वाट पाहू नये.

वाढत्या मुलाला कडक डाएट लावू नये. बरेचदा वजन आहे तिथेच राखले आणि उंची वाढत गेली तरी काम होते. ‘जाड्या’, ‘गोलू’ अशा हाका घरात व वर्गात बंद व्हाव्यात. अपमानाने कुणाचे वजन उतरत नाही, मूल चोरून खायला मात्र शिकते. एकट्या मुलाला दुधीची भाजी आणि बाकीच्यांना कचोरी, असेही करू नये. ताट सगळ्यांचे एकच असावे. दादा-ताई, आजी-आजोबा सगळ्यांनी मिळून केले तरच ते टिकते.

आमची एवढीच विनंती

१. घरातील प्रत्येक प्रौढाने या महिन्यात कमरेचा घेर मोजून लिहून ठेवावा.
२. कपाटातला सोनोग्राफीचा जुना कागद बाहेर काढावा. ‘फॅटी’ हा शब्द असेल तर डॉक्टरांकडे फिब-४ ची चौकशी करावी.
३. थंड पेयाची बाटली घरात आणू नये. पाहुण्यांना ताक द्यावे, त्यांनाही आवडेल.
४. मुलांच्या डब्यात आठवड्यातून किमान तीन दिवस पोळी-भाजी किंवा उसळ असावी. वाढदिवसाला वर्गात चॉकलेटऐवजी पेरू, बोरे, संत्री वाटावीत.
५. रात्रीच्या जेवणानंतर सर्व कुटुंबाने मिळून एक फेरी मारावी. सराफ्याच्या दिशेने नव्हे!
६. तीन महिन्यांनी पुन्हा वजन व घेर मोजावा, आणि डॉक्टर सांगतील तेव्हा तपासण्या पुन्हा कराव्यात.

हा लेख माहितीसाठी आहे. आपल्या प्रकृतीचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा. दरवर्षी १९ एप्रिल हा जागतिक यकृत दिन म्हणून पाळला जातो. पण त्या दिवसाची वाट पाहण्याचे कारण नाही. आज रात्रीच्या ताटापासून सुरुवात करता येईल.